चाळीस प्रश्न आणि काशेळीचा हत्ती

चाळिशी ओलांडल्यावर मला स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान मिळालं. त्यानंतर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं. या दोन्हींत जो लांबलचक काळ गेला, त्यात कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे दगडी पठारांवर बसून मी कातळशिल्पांची चित्रं काढली. प्रौढ माणसाने स्वतःच्या निदानाबद्दल मराठीत लिहिलेलं मला तेव्हा फारसं सापडलं नव्हतं. जे होतं ते लहान मुलांच्या आईवडिलांसाठी. म्हणून तारखा, खर्च आणि कागदांसकट सगळं लिहून ठेवते आहे. मी खासगी नोकरी करते आणि घाटावरच्या एका जिल्ह्यात राहते. तुमच्याकडे वार आणि खिडक्या वेगळ्या असतील, क्रम साधारण हाच असेल.

मी जमिनीच्या जुन्या नकाशांचं संगणकीकरण करणाऱ्या कंपनीत आहे. स्कॅन केलेल्या नकाशावरच्या हद्दी गिरवायच्या, गट क्रमांक टाकायचे, एका गावाची शीव शेजारच्या गावाच्या शिवेशी जुळते का ते बघायचं. हे काम मला मनापासून आवडतं. जून २०२२ मध्ये आमचा विभाग वेगळ्या खोलीतून एका मोठ्या हॉलमध्ये हलवला. एसीची घरघर, दोन रांगांपलीकडचे फोन, डोक्यावरची लुकलुकणारी ट्यूब. दुपारपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटेनासे व्हायचे. घरी आले की दिवे बंद करून तासभर बसायचे, मगच कुणाशी बोलता यायचं. आठवडे गेले तरी सवय होईना. डोकेदुखी सुरू झाली, रजा संपत आल्या.

ऑगस्टमध्ये एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी चिंतेचा आजार सांगितला आणि गोळ्या दिल्या. दर खेपेला आठशे रुपये. झोप सुधारली हे खरं, पण हॉलमधला आवाज तेवढाच टोचत राहिला. गप्पांमध्ये माझी पाळी कधी येते हे न कळणं, ठरलेला रस्ता बंद दिसला की रडू फुटणं, हे तर लहानपणापासूनचंच होतं. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अर्धा तास फक्त ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, स्वमग्नतेच्या दृष्टीने तुमचं मूल्यमापन कुणी केलंय का?" मी नाही म्हटलं. त्यांनी एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचं नाव दिलं. प्रौढांचं मूल्यमापन करणारे कमी, त्यामुळे तारीख मिळाली थेट फेब्रुवारीची.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. मूल्यमापन करणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे आधी विचारा. तो नोंदणी क्रमांक अहवालावर छापलेला असला पाहिजे. पुढे सरकारी रुग्णालयात सगळ्यात आधी तोच बघितला गेला.

तारखेची वाट बघण्याचे ते तीन महिने फार जड गेले. निदान होईल याची भीती होती आणि होणार नाही याचीही. रोज संध्याकाळी आलेख कागदावर काहीतरी काढत बसायचे. आजीने मला ठिपक्यांची रांगोळी शिकवली होती. दिवाळीत एकवीस ठिपक्यांच्या एकवीस ओळी मी एकटी घालायचे, चुलत भावंडं फटाके उडवत असायची. तीच सवय होती, फक्त रांगोळीच्या जागी पेन्सिल आली. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचं गाव राजापूर तालुक्यात. माझे आलेख बघून तो म्हणाला, "तू आमच्याकडचे सडे बघायला हवेस. गावाला जातोय, चल." डिसेंबरच्या शेवटी नवरा आणि मी त्याच्यासोबत आंबा घाटातून खाली उतरलो.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. वरचा थर उन्हापावसाने काळवंडलेला, खाली लालभडक दगड. झाड जवळजवळ नाहीच, पिवळं पडलेलं गवत आणि वारा. या कातळावर आपल्या पूर्वजांनी माणसं, प्राणी, मासे आणि चौकोनी नक्षी खोदून ठेवली आहे. कधी खोदली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, काही जण हा काळ दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. गावकऱ्यांना काही ठिकाणं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना विचारून शेकडो आकृती नोंदवल्या, तेव्हा त्यांचा आवाका बाहेरच्या जगाला कळला. २०२२ मध्ये काशेळी, उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी अशा ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक ठिकाणही त्यात आहे.

आम्ही आधी काशेळीला गेलो. तिथला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. पहिल्यांदा मला हत्ती दिसलाच नाही. दिसली ती एक रेघ, मग तिला येऊन मिळणारी दुसरी रेघ, मग एक मासा. हत्तीच्या अंगात प्राण्यांच्या कितीतरी लहान आकृती कोरलेल्या आहेत. नवरा आणि सहकारी दोघंही आधी बाहेरची कड शोधत होते. "ही सोंड, हे पाय" असं एकमेकांना दाखवत होते. मी माशापासून सुरुवात केली आणि एकेक आकृती जोडत बाहेर आले. हत्ती मला शेवटी कळला, पण कळला तेव्हा त्याच्या पोटातलं सगळं मला पाठ झालं होतं.

तिथून उठवेना. जागेवर लक्ष ठेवणारे एक म्हातारे काका दुपारी आले, मला बघून म्हणाले, "सावलीत बस गो बाय जरा, कातळ तापलाय." मग मी काय करते ते बघत माझ्याशेजारीच उभे राहिले. जाताना म्हणाले, "पावसात ये. रेघांत पाणी भरलं की अख्खा प्राणी दिसतो." त्या दिवशी हॉलमधून आणलेली डोकेदुखी नव्हती. उन्हाने डोकं दुखलं, पण ती दुखणी वेगळी असतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मूल्यमापन झालं. तीन बैठका, सगळे मिळून चौदा हजार रुपये. माझ्या विम्यातून त्यातलं काहीच मिळालं नाही. आधी प्रश्नावल्या भरल्या. त्यातली एक पन्नास प्रश्नांची, जगभर वापरली जाते. मग एका बैठकीत गप्पा आणि काही कामं करून घेतली. त्या कामांबद्दल मी लिहीत नाही, तुम्हीही आधी शोधू नका. ती कोरी जाऊन केली तरच त्यांचा उपयोग असतो. तिसरी बैठक आईसोबत होती. प्रौढांच्या बाबतीत सगळ्यात अवघड भाग हाच, कारण लक्षणं लहानपणापासून होती हे कुणीतरी सांगावं लागतं. ज्यांचे आईवडील हयात नाहीत त्यांनी मोठं भावंड, मावशी, आत्या कुणालाही न्यावं. जुनी प्रगतिपुस्तकं मिळाली तर ती घ्यावीत. माझ्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकात "अक्षर सुंदर. वर्गात मिसळत नाही" असा शेरा आहे. मानसशास्त्रज्ञांनी त्याची प्रत अहवालाला जोडली.

आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिला वाटलं होतं की आपल्याला दोष देणार. मानसशास्त्रज्ञांनी तिला नुसतं विचारलं, "काकू, ही तीन-चार वर्षांची असताना दिवसभर काय करायची?" आई सांगत गेली. मी अंगणात चिंचोके मापाप्रमाणे लावत बसायचे. नवीन फ्रॉकची शिवण टोचते म्हणून तो उलटा घालून हिंडायचे. पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायचे आणि ते गेले की आपणहून खाली यायचे. तिला हे सगळं इतकं नीट आठवत होतं की मी थक्क झाले. परतताना रिक्षात ती म्हणाली, "मला वाटायचं, हिला एकटं बरं वाटतं तर असू दे." त्या असू देण्याचा मला किती आधार होता, हे मला त्या रिक्षात कळलं.

मार्चमध्ये अहवाल आला. ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, बौद्धिक अक्षमता नाही. पूर्वी माझ्यासारख्यांना वेगळं नाव द्यायचे. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती आली आणि तेव्हापासून ते सगळे प्रकार एकाच नावाखाली येतात. अहवाल वाचून मी दोन दिवस रडले. सुटकेचं रडू होतं. तिसऱ्या दिवशी राग आला, शाळेतल्या, कॉलेजातल्या, पहिल्या नोकरीतल्या त्या सगळ्या वर्षांबद्दल. नवरा म्हणाला, "थोडंफार असं सगळ्यांनाच होतं." त्याला धीर द्यायचा होता, पण मला ते वाक्य लागलं. मी त्याला अहवालाचं संवेदनांविषयीचं पान वाचायला दिलं. वाचून झाल्यावर त्याने स्वयंपाकघरातला खडखडणारा एक्झॉस्ट पंखा बदलून घेतला. त्यानंतर ते वाक्य त्याने पुन्हा कधी म्हटलेलं नाही.

प्रमाणपत्र काढायचं की नाही यावर महिनाभर विचार केला. माहीत करून घेतलेल्या गोष्टी अशा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता त्यात आहे, वाचन-लेखनाशी संबंधित विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. नुसत्या एडीएचडीचा (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) वेगळा प्रकार त्यात नाही, हे अनेकांना तिथे पोचल्यावर समजतं आणि फार निराशा होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. माझा मुख्य हेतू नोकरीतल्या सोयींचा होता. तोंडी मागून झालं होतं, कागद हवा होता.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज भरला. अर्जाला पैसे लागत नाहीत. सायबर कॅफेवाल्याला मात्र लोक दोन-तीनशे रुपये देतात, घरी शांतपणे भरता येतो. आधार, फोटो, सही किंवा अंगठ्याची प्रतिमा, पत्त्याचा पुरावा. अपंगत्वाचा प्रकार आणि रुग्णालय निवडायचं. पावतीवरचा नोंदणी क्रमांक पुढे सगळीकडे विचारतात, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत बरोबर असू द्या. माझी प्रगतिपुस्तकं माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, आणि दोन्ही बायका एकच हे मला त्या प्रतीनेच दाखवता आलं.

अर्ज झाला, पुढचं बोलावणं काही येईना. त्याच एप्रिलमध्ये मला बारसूच्या सड्यावर जायचं होतं. तिथे रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, गावकऱ्यांचं आंदोलन पेटलं, जमावबंदी लागली. बातम्यांमध्ये मी त्याच कातळावर पोलीस आणि आडव्या पडलेल्या बायका बघत होते. त्या सड्यावर एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाघ असं शिल्प आहे. इतकी जुनी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत राहील की जाईल, या विचाराने मला झोप लागत नव्हती. आपल्या अंगाला लावून घेऊ नये असं लोक सांगतात. मला ते जमत नाही, आणि जमावं असंही आता वाटत नाही.

वाट बघण्याच्या त्या उन्हाळ्यात मी महानुभावांचं गद्य वाचत होते. विदर्भातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू, तेराव्या शतकातले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी लिहून ठेवल्या आहेत. ते स्वतःशी हसायचे, कुणाच्याही घरात शिरायचे, मनात येईल ते खायचे, एखाद्या वस्तूशी खेळत बसायचे. लोक त्यांना वेडे म्हणायचे आणि त्यांनाच "राऊळ माय, राऊळ बाप" असंही म्हणायचे. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचं निदान चिकटवणं मला पटत नाही, आणि भक्तांच्या श्रद्धेवर तो अन्यायही होईल. मी थांबले ती गावकऱ्यांपाशी. वेगळं वागणारा एक माणूस आपल्यात आहे, तर त्याला जेवू घालायचं, त्याच्या मागे जायचं, त्याने काय केलं ते लक्षात ठेवायचं, हे मराठी गावाने एकदा केलेलं आहे आणि ते मराठीत लिहिलेलं आहे. मला त्याचा फार धीर आला.

असंच कातळशिल्पांबद्दलही. आदिम चित्रं काढणारे लोक स्वमग्न असावेत, असा तर्क काही जण करतात. मला तो ओढून आणलेला वाटतो. त्या माणसांबद्दल आपल्या हाती रेषा आहेत, त्यांच्या मेंदूबद्दल काहीच नाही. त्यांना माझे पूर्वज मानायला मला त्यांच्या निदानाची गरज पडत नाही.

जूनच्या अखेरीस काकांचं ऐकून पावसात गेले. रेघांत पाणी होतं आणि हत्ती खरोखरच उठून दिसत होता. त्याच भागातल्या दुसऱ्या एका सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं होती. ही वनस्पती कोकणच्या जांभ्या कातळावर उगवते आणि तिचा बहर पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवसच टिकतो. पुढे श्रावण-भाद्रपदात त्याच पातळ मातीत सीतेची आसवं आणि गेंद येतात. ओल्या कातळावर पाय फार घसरतो, पावसाळ्यात एकटीने जाऊ नका.

सप्टेंबरमध्ये सरकारी रुग्णालयात गेले. आमच्याकडे अपंगत्व मंडळ आठवड्यातून एकाच वारी बसतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत झाल्या, त्यामुळे केसपेपरला पैसे पडले नाहीत. डोळ्यांचे, कानांचे, हाडांचे आणि आमच्यासारखे, सगळ्यांची एकच रांग. व्हरांड्यात बसायला जागा अपुरी, नावं ओरडून पुकारतात. मी कानात बोळे घातले आणि नवऱ्याला नाव ऐकायला उभं केलं. तुमच्यासोबत कुणी नसेल तर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला एका कागदावर लिहून द्या: "मला गोंगाटात नाव ऐकू येत नाही, कृपया हाताने खूण करा." मी नंतर एकदा एकटी गेले तेव्हा असंच केलं. त्या बाईंनी खरंच खूण केली.

रांगेत माझ्यापुढे एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. तो फरशीच्या चौकटींवर बोटाने रेघा ओढत होता. मी पिशवीतून आलेख वही काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक पान भरलं, माझ्याकडे न बघता वही परत केली आणि दुसरं पान उघडून दिलं. माझ्यासाठी. आम्ही नंबर येईपर्यंत आळीपाळीने पानं भरत होतो. त्याच्या आईने माझा फोन नंबर घेतला.

पहिल्या दिवशी फक्त कागद तपासले आणि मनोविकार विभागाची तारीख दिली, ऑक्टोबरमधली. तिथे भारतात वापरलं जाणारं स्वमग्नतेचं मापन झालं. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ते तयार केलं आहे. चाळीस प्रश्न आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही असं धरतात. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. त्यातले बरेच प्रश्न लहान मुलं डोळ्यांपुढे ठेवून केलेले वाटतात. प्रौढ बाई, त्यातून आयुष्यभर लोकांसारखं वागायला शिकलेली, त्यात नीट दिसत नाही. इथे माझा खासगी अहवाल कामाला आला. तपासणाऱ्या ताईंनी तो पूर्ण वाचला आणि "घरी कुणी नसताना कसं असतं ते सांगा" असं विचारलं. तुम्हालाही हे विचारलं नाही तर आपणहून सांगा. चारचौघांत किती कष्टाने जमवून घेतो, त्यानंतर किती तास निपचित पडून राहावं लागतं, याची उदाहरणं घरूनच लिहून न्या. आयत्या वेळी काही आठवत नाही.

एक प्रश्न होता वस्तूंना हात लावून, हुंगून बघण्याविषयी. मी हो म्हटलं, गुण पडले. मला आठवला तो काशेळीचा कातळ. खोदलेल्या रेघेची कड अजून किती धारदार आहे, कुठे पायवाटेने झिजली आहे, हे मी बोटाने शोधलं होतं. ओल्या जांभ्याचा लोखंडासारखा वासही मला आठवला. फॉर्मवर ते लक्षण म्हणून लिहिलं गेलं आणि ते बरोबरच आहे, कारण भाजी मंडईत हीच नाकं-बोटं मला हैराण करतात. पण सड्यावर ती माझी हत्यारं आहेत. त्या खोलीत बसून मला पहिल्यांदा वाटलं की या दोन गोष्टींपैकी एक निवडायची गरज नाही.

नोव्हेंबरमध्ये प्रमाणपत्र निघालं. ५० टक्के, कायमस्वरूपी. आकडा वाचून पोटात खड्डा पडला. टक्के गुणांच्या तक्त्यावरून ठरतात, माझे गुण ७० च्या थोडेच वर होते. हे माहीत असूनही त्या आकड्याशी जुळवून घ्यायला मला वेळ लागला. ई-कार्ड पोर्टलवरून लगेच उतरवता आलं, छापील कार्ड फेब्रुवारीत टपालाने आलं. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, त्यावर ८० पर्यंत पिवळं, त्यापुढे निळं. माझं पिवळं आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये बारसूला एकदाचं जाता आलं. वाघांमधला तो माणूस मी सकाळी काढला. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं असतं, तेव्हा रेघांत सावली पडते आणि उथळ खोदकामही दिसतं. दुपारी बाराला गेलात तर समोर सपाट काळा दगड दिसेल. दुसऱ्या दिवशी देवाचे गोठणे. तिथल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते. माझं सगळं काम उत्तर दिशेवर चालतं, त्यामुळे ती सुई सरकताना बघून अंगावर काटा आला. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनी नक्षी आहे. तिच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसले. त्यात कुठला प्राणी नाही, माणूस नाही, काय आहे ते कुणी सांगू शकत नाही, आणि मला त्याची अडचण वाटली नाही. रेघा कुठून कुठे जातात एवढंच बघत राहिले. आजी असती तर तिने ठिपके मोजले असते.

ज्यांना चित्रं काढायला जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, गवत कापलेलं असतं. बरीच शिल्पं खासगी जमिनीत आहेत, गावात विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि माहिती देणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. शिल्पावर पाय ठेवू नका. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू, चुना, रंग काहीही भरू नका. मी कडेने पावलांनी मोजते, माझं पाऊल ६० सेंटीमीटरचं. काशेळीचा हत्ती १:५० प्रमाणात काढला की ३६ बाय २६ सेंटीमीटर होतो, ए-थ्री कागदावर व्यवस्थित बसतो. आधी हलक्या पेन्सिलीने चौकटी, मग आतल्या आकृती, शेवटी कड. पाणी तीन लिटर तरी हवं. गावात घरगुती राहण्याची सोय आम्हाला माणशी बाराशेला जेवणासकट मिळाली. ज्यांना अनोळखी माणसांशी बोलणं जड जातं त्यांनी फोनऐवजी आधी संदेश पाठवून बघावा. आमच्या यजमानांना तेच सोयीचं वाटलं.

२०२४ च्या मार्चमध्ये ऑफिसला लेखी अर्ज दिला. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांच्या धोरणात दिव्यांगांना दिलेल्या सोयी लिहिलेल्या असाव्या लागतात. अर्जात मी भावना लिहिल्या नाहीत, चार मागण्या लिहिल्या: भिंतीकडेची जागा, डोक्यावरची ट्यूब बदलणं, सूचना तोंडी न देता ईमेलवर, आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम. सोबत प्रमाणपत्र आणि अहवालाचं एकच पान. पूर्ण अहवाल द्यायची गरज नसते, तो तुमचा खासगी असतो. दीड महिन्याने उत्तर आलं. पहिल्या तीन मान्य, घरून काम एकच दिवस. डोकेदुखीच्या गोळ्या त्यानंतर हळूहळू सुटल्या. तेव्हाच्या आयकर कायद्यात, जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना ८०यू कलमाखाली ७५ हजारांची वजावट मिळायची. स्वमग्नतेसाठी त्याला १०-आयए हा वेगळा फॉर्म लागायचा. आताचं कलम आणि फॉर्म बघून घ्या, वेळ ठेवून कामाला लागा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही स्वमग्न व्यक्तींना घेता येते. माझा तो अर्ज भरायचा राहिला आहे.

रांगेतल्या त्या आईचा फोन २०२४ च्या पावसाळ्यात आला. आता दर शनिवारी दुपारी तो मुलगा आमच्याकडे येतो. दोन तास आम्ही एकाच टेबलावर आपापली पानं भरतो. बोलणं जवळजवळ नसतं. माझ्या बारसूच्या चित्रातले वाघ त्याला पसंत नाहीत, उक्षीचा हत्ती मात्र तो पुन्हा पुन्हा मागतो. उक्षीला शिल्पाभोवती गावकऱ्यांनी संरक्षक भिंत घातली आहे आणि कोकण रेल्वेचं स्टेशनही त्याच नावाचं आहे, म्हणजे घाटरस्त्याच्या वळणांनी त्याला मळमळणार नाही. गवत कापलं की, बहुतेक नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आम्ही चौघं जाणार आहोत: तो, त्याची आई, नवरा आणि मी. गाडी कधी सुटते, कुठे थांबते, जेवण कुठे, परत कधी, सगळं चौकटी आखून एका पानावर लिहिलं आहे. त्याने त्यात स्वतःच्या हाताने एक चौकट वाढवली: "हत्ती — २ तास". त्याची आई म्हणते एक तास पुरे. मी दोनच ठेवलेत.